छावणीतील फटफटी

झाशी हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम घोडा उभा राहतो. पाठीशी दत्तक पुत्र, हाती तलवार आणि तटावरून झेपावणारा घोडा, हे चित्र इतके परिचयाचे झाले आहे की, झाशीत दुसरे एखादे वाहन कधी कुणाला जिवापाड प्रिय झाले असेल, हे सहसा ध्यानातच येत नाही. 1742 मध्ये नारो शंकरांनी पेशव्यांच्या वतीने येथे अंमल बसविला, किल्ला वाढविला आणि शहर वसविले. तेव्हापासून अनेक मराठी घराणी बुंदेलखंडाच्या या खडकाळ भूमीत नांदत आली. परंतु किल्ल्याच्या पायथ्याचे जुने शहर ही झाशीची एक बाजू झाली. तिची दुसरी बाजू म्हणजे छावणी. 1857 च्या जूनमध्ये उठावाचा पहिला भडका उडाला तो या छावणीतच. पुढे झाशीचे शहर काही काळ शिंद्यांच्या ताब्यात होते. 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी पुन्हा आपल्याकडे घेतली. त्याच सुमारास रेल्वे आली आणि छावणी व जंक्शन या दोन पायांवर नवी झाशी उभी राहिली. आजही झाशी आणि तिच्या दक्षिणेस पंचवीसएक किलोमीटरवर असलेले बबीना हा पट्टा भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे एक मोठे ठाणे आहे.

छावणीचा नकाशा हिंदुस्थानात सर्वत्र साधारण एकाच साच्यातला असतो. रुंद, सरळ रस्ते. दुतर्फा कडुनिंब आणि चिंच. आवारात मागे हटून बसलेले बंगले. एका अंगास जवानांच्या लाइन्स आणि दुसऱ्या अंगास सदर बाजार. शहरातील गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की वाट बंद होते. छावणीतला रस्ता मात्र दुपारी रिकामा पडलेला असतो. या रिकाम्या रस्त्यांचे खरे मानकरी म्हणजे छावणीतील मुले होत. बापाची बदली दर दोन-तीन वर्षांनी ठरलेली. आज झाशी, उद्या जालंधर, परवा बेळगाव. शाळा बदलते, मित्र बदलतात, मातृभाषा घरापुरती उरते. अशा मुलाला ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले तर तो क्षणभर घोटाळतो.

1970 पासून पुढची पंचवीसएक वर्षे ज्यांचे कुमारवय अशा छावण्यांतून गेले, ती माणसे आता प्रौढत्वाची निम्मी वाट चालून गेली आहेत. कित्येक निवृत्तही झाली आहेत. त्यांना त्या दिवसांविषयी बोलते केले की रणगाडे, संचलने, बँड यांच्या गोष्टी निघतातच. परंतु आवाज हळवा होतो तो बहुधा एखाद्या लहानशा फटफटीपाशी. कुणाची लूना, कुणाच्या काकांची राजदूत, कुणाची येझदी, तर कुणाची यामाहा आरएक्स 100. ही सारी यंत्रे दिसायला निरनिराळी असली तरी त्यांचा वंश एक होता. ती ‘टू-स्ट्रोक’ होती. हा वंश आता जवळजवळ संपला आहे. त्याचे गुण कोणते, दोष कोणते आणि त्याच्या आठवणीने इतकी माणसे का व्याकूळ होतात, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम यंत्राकडे वळू. कोणत्याही पेट्रोल इंजिनात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरच्या नळीत खाली-वर धावत असतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि जळका धूर बाहेर टाकणे ही त्याची चार कामे. नेहमीच्या इंजिनात या चार कामांसाठी दट्ट्याच्या चार धावा खर्च होतात, दोन वर आणि दोन खाली. म्हणजे मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा एक स्फोट होतो. टू-स्ट्रोक इंजिनात हीच कामे दोन धावांत, एकाच फेऱ्यात उरकली जातात. दट्ट्या वर जाताना वरचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी आपल्या खालच्या बंद पेटीत नवे मिश्रण ओढून घेतो. स्फोट होऊन तो खाली आला की सिलिंडरच्या भिंतीतील एक झरोका उघडतो व धूर निसटतो. लगेच दुसरे झरोके उघडतात आणि खालच्या पेटीतील ताजे मिश्रण वर उसळून उरलासुरला धूर ढकलून देते. झरोके उघडण्या-मिटण्याचे काम दट्ट्याच करतो. त्यामुळे झडपा नाहीत, त्या उघडणारा दांडा नाही, त्याला फिरविणारी साखळी नाही. दट्ट्या, त्याला जोडलेला दांडा आणि खालचा क्रँक, एवढेच इंजिनातले मुख्य हलते भाग.

या साधेपणातून दोन लाभ झाले. यंत्र हलके व स्वस्त झाले. आणि प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्याने लहान इंजिनातूनही भरपूर जोर मिळू लागला. 1985 मध्ये भारतात आलेल्या दोन मोटारसायकलींची तुलना केली की हे स्पष्ट होते. हिरो होंडा सीडी 100 चार धावांची होती, यामाहा आरएक्स 100 दोन धावांची. दोन्हींची इंजिने शंभर सीसीच्या आतबाहेरची. पण पहिलीची शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्ती, तर दुसरीची अकरा. मूठ पिळताच आरएक्स उडी घेई, ती यामुळे.

आवाजाचे मर्मही यातच आहे. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला पन्नास स्फोट होतात, चार धावांच्या इंजिनात पंचवीस. म्हणून धावत्या टू-स्ट्रोकचा स्वर उंच, सलग आणि भुणभुणता. उभ्या गाडीचा प्रकार मात्र वेगळा. संथ चालीत सिलिंडरमध्ये जुना धूर साचून राहतो, एखादा स्फोट चुकतो, मग पुढचा जोरात होतो. राजदूत किंवा येझदी दारात उभी असताना मध्येच अडखळत, मध्येच ठसकत बोलत असे, ती या चुकलेल्या स्फोटांमुळे. मराठीने आणि हिंदीनेही मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव तिच्या आवाजावरून दिले. चाकांवरून सायकल, पाण्यावरून पाणबुडी, तशी आवाजावरून फटफटी. ते नाव कोशात राहील. पण ज्या अडखळत्या ध्वनीने ते सार्थ केले त्यातला एक फार मोठा भाग रस्त्यावरून नाहीसा झाला आहे.

या इंजिनाचा इतिहास छावणीच्या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही. दोन धावांचे पहिले यशस्वी इंजिन डुगाल्ड क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने 1880 च्या सुमारास सिद्ध केले, आणि खालच्या पेटीत मिश्रण दाबण्याची युक्ती जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने 1890 च्या आसपास काढली. पण त्याला खरे रूप आले ते जर्मनीत. सॅक्सनीमधील त्शोपाऊ या लहान गावी डीकेडब्ल्यू नावाचा कारखाना होता. ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये वळसा घेऊन फिरेल अशी झरोक्यांची रचना आडोल्फ श्न्यूर्ले या अभियंत्याने शोधली होती. ती वापरून या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आरटी 125 ही छोटी मोटारसायकल तयार केली. तिच्याच धाकट्या बहिणीची, 98 सीसीच्या गाडीची, नक्कल इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डने केली आणि युद्धकाळात ती 125 सीसीची करून लष्कराला दिली. वजन जेमतेम साठ किलो. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती हवाई छत्रीने विमानातून खाली सोडत आणि पॅराशूट दलातील सैनिक तिच्यावरून निरोप पोहोचवीत. तिला ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू, असे नाव पडले.

युद्ध संपल्यावर जर्मनीचे पेटंट हक्क विजेत्यांच्या हाती गेले आणि आरटी 125 ची लेकरे जगभर जन्मास आली. इंग्लंडमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची 125, रशियात मॉस्कोच्या कारखान्याची एम1ए. जपानमध्ये वाद्ये बनविणाऱ्या यामाहा कंपनीने 1955 मध्ये आपली पहिली मोटारसायकल वायए-1 काढली. तीही याच नमुन्यावर. पुढे पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन या अभियंत्याने सायलेन्सरच्या पोटातील ध्वनिलहरींचा उपयोग करून निसटणारे मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलण्याची विद्या परिपूर्ण केली. 1961 मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर पूर्व जर्मनीतून निसटून सुझुकीकडे गेला, ती विद्या त्याच्याबरोबर जपानला पोहोचली आणि 1962 मध्ये पन्नास सीसीच्या जागतिक स्पर्धेचे अजिंक्यपद त्याने सुझुकीला मिळवून दिले. झाशीच्या छावणीतील मुलगा ज्या आरएक्सवर बसून मित्रांपुढे मिरवीत असे, तिच्या कुळात एक हरलेले राष्ट्र, एक विभागलेला देश आणि एक पळून गेलेला स्वार होता. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भारतात या यंत्रांचा प्रसार झाला तो परवान्यांच्या युगात. कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. मागणी मोठी आणि पुरवठा लहान. बजाजच्या चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. चेतक हे नावही घोड्याचेच, राणा प्रतापांच्या. 1960 च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या येथे बनविण्यास सुरुवात केली. पुढे त्यांचेच नाव येझदी झाले. तिची किक हीच तिची गियरची दांडी होती. गाडी सुरू केली की तोच दांडा वळवून गियरसाठी वापरावयाचा. नवख्याला हे कळेपर्यंत त्याची फजिती ठरलेली. त्याच सुमारास एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली. 175 सीसीची ही दणकट गाडी उत्तर हिंदुस्थानात दूधवाल्यांनी अशी काही उचलली की दोन्ही अंगांना लटकलेल्या दुधाच्या कॅनांशिवाय तिचे चित्र पूर्ण होत नाही. तिची लहान चाकांची बहीण, राजदूत जीटीएस, राज कपूर यांच्या 1973 मधील ‘बॉबी’ चित्रपटात झळकली आणि तिचे नावच ‘बॉबी’ पडले. एका संपूर्ण पिढीच्या मनात फटफटी आणि पहिले प्रेम यांची गाठ त्या चित्रपटाने बांधली.

परंतु कुमारवयीन मुलाचे पहिले वाहन म्हणून जिचा मान आहे ती महाराष्ट्रातली. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ह. कृ. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लूना ही पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर ती बेतलेली होती. तिला सायकलीसारखे पायटे होते. पायटे मारून ती सुरू करावयाची आणि पेट्रोल संपले तर तशीच मारीत घरी आणावयाची. येथे एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरलाच आहे. तेथे रणगाडा शिकलेला जवान पुढे बबीना-झाशीच्या पट्ट्यात रुजू होण्याचा संभव मोठा. एकाच गावातून पन्नास टनांच्या घरातल्या वाहनाची विद्या आणि जेमतेम पन्नास किलोच्या आसपासचे वाहन, अशा दोन गोष्टी छावण्यांपर्यंत जात होत्या.

लूनेचे आणखी एक ऋण मान्य केले पाहिजे. मोटारसायकल हे पुरुषी वाहन समजले जाई. लूनेला गियर नव्हते, वजन नव्हते, मधला आडवा दांडा नव्हता. साडी नेसलेली शिक्षिका, नोकरीवर जाणारी परिचारिका आणि महाविद्यालयातील मुलगी तिच्यावर सहज बसू शकली. नगर-पुण्यात हे चित्र रूढ झाले. आणि जेथे शहरातील नजरांचा जाच कमी, अशा छावणीच्या रस्त्यांवर ते आणखी सुलभ होते. भावाने वापरून टाकलेली मोपेड बहिणीकडे आली, आणि सायंकाळी बाजारातून औषध आणण्याचे काम प्रथमच तिच्याकडे आले, अशी आठवण सांगणाऱ्या स्त्रिया भेटतात. पुरुष वेगाविषयी बोलतात. स्त्रिया बहुधा ‘कुणाला विचारावे लागले नाही’ असे म्हणतात.

1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात शंभर सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्यास मुभा मिळाली आणि 1984 ते 1986 या अल्पावधीत सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी ही चारही जपानी नावे भारतीय रस्त्यांवर आली. चारांपैकी तिघांच्या मोटारसायकली टू-स्ट्रोक होत्या. छावणीतल्या मुलाच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. त्याचा भूगोल एकदम वाढला. झाशी उत्तर प्रदेशात असली तरी तिच्या तीन बाजूंस मध्य प्रदेशाची सीमा लागून आहे. ओरछा अठराएक किलोमीटरवर, दतिया तिसाच्या आसपास. दोन्ही मध्य प्रदेशात. सायकलवर जे गाव रविवारचा सबंध दिवस खाई, ते फटफटीवर अर्ध्या तासात येऊ लागले. ओरछ्याला बेतवेच्या काठी छत्र्यांच्या सावलीत बसून परत येण्यास मोपेडला एक लिटरही पेट्रोल लागत नसे. परराज्यात जाऊन संध्याकाळच्या जेवणाला घरी हजर! आईला मुलगा सदर बाजारात आहे असे वाटावे आणि तो वीर सिंह देवांच्या महालाच्या पायऱ्यांवर असावा, ही त्या वयाची मोठी मौज होती.

मौजेबरोबर शिक्षणही होते, आणि ते यंत्राच्या साधेपणामुळे. यांतल्या बऱ्याच गाड्यांत वंगणाची वेगळी टाकी नसे. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. यंत्राप्रमाणे वीस ते पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. तेल कमी पडले तर दट्ट्या तापून सिलिंडरला धरे आणि गाडी चालता चालता जखडून थांबे. जास्त झाले तर प्लग काळा पडे. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी मूठ पूर्ण मिटून गाडी सोडून देणारा मुलगा हे विसरे की, पेट्रोलबरोबर तेलही बंद झाले आहे. अशा चुकांची शिक्षा ताबडतोब मिळे आणि कारणही समजे. प्लग काढावा, काचकागदाने घासावा, ठिणगी पाहावी. कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करावा. सायलेन्सरमधली काजळी जाळून काढावी. चार पान्यांत निम्मी दुरुस्ती होई. उरलेली सदर बाजारातला मिस्त्री करी आणि त्याच्या दुकानासमोर उकिडवे बसलेली मुले पाहत राहत. कार्यकारणभाव म्हणजे काय, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकापूर्वी कित्येकांना एका काळ्या पडलेल्या प्लगने शिकविले. आजच्या गाडीत बिघाड झाला की संगणक जोडावा लागतो. गाडी अधिक चांगली आहे, पण ती आपले मन मालकाजवळ उघड करीत नाही.

येथवर गुणगान झाले. परंतु आठवणीचा न्याय करावयाचा तर दुसरे पारडेही भरले पाहिजे. टू-स्ट्रोकचा साधेपणा हाच तिचा दोष होता. धूर बाहेर जाण्याचा आणि ताजे मिश्रण आत येण्याचा झरोका काही क्षण एकदमच उघडे असतात. त्यामुळे न जळलेल्या पेट्रोलचा मोठा अंश, काही प्रसंगी एकतृतीयांशापर्यंत, धुराबरोबर सरळ बाहेर पडतो. त्यात जळके तेल मिसळते. मागे निळसर धूर आणि जो गोडसर, उग्र वास अनेकांना आजही विव्हळ करतो, तो वास म्हणजे वाया गेलेले इंधन आणि अर्धवट जळलेले तेल होते. एका छावणीच्या मोकळ्या रस्त्यावर वीस गाड्या असत तेव्हा तो वाऱ्यावर विरून जाई. महानगरांच्या चौकात हजारो गाड्या व रिक्षा उभ्या राहू लागल्या, तेव्हा तोच धूर लहान मुलांच्या छातीत जाऊन बसू लागला.

शासनाने 1991 पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालण्यास आरंभ केला. दुचाकींसाठी 1996 मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला साडेचार ग्रॅम होती. 1 एप्रिल 2000 पासून ती दोन ग्रॅमवर आली. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून 3.6 ग्रॅमवरून तीही दोनवर आली. या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्था पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. म्हणजे जेथून लूना निघाली तेथेच तिच्या वंशाची परीक्षाही झाली. झडपांवाचूनच्या साध्या इंजिनाला ही परीक्षा झेपणारी नव्हती. आरएक्स 100 आणि म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 मध्ये थांबले. बाकीच्या बहुतेक टू-स्ट्रोक मोटारसायकली नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडल्या. चार धावांचे इंजिन जिंकले, आणि इंधनाच्या व आरोग्याच्या हिशेबाने ते जिंकणे योग्यच होते.

दुसरा हिशेब अधिक दुःखद आहे. ज्या आठवणी रंगवून सांगितल्या जातात त्यांतल्या बऱ्याचशा बेकायदा होत्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस वाहन चालविण्यास मनाई केली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास सवलत ठेवली ती पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती. म्हणजे लूना क्षम्य, राजदूत किंवा आरएक्स नव्हे. तरीही चौदा-पंधरा वर्षांची मुले वडिलांची गाडी काढीत. डोक्यावर शिरस्त्राण क्वचितच असे. छावणीच्या फाटकाशी लष्करी पोलिस अडवीत, म्हणून मागच्या वाटा शोधल्या जात. सर्वच परतले नाहीत. त्या पिढीतील मित्रांच्या जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात एखादे नाव असे निघते की ज्याच्यापाशी हसणे थांबते. वळणावरची खडी, रात्री दिवे न लावलेला ट्रक, मागे बसलेला मित्र. स्मृती वेगाला जपते आणि या नावाला कोपऱ्यात बसविते. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा ठरविली आहे. ती कठोर वाटेल. पण ज्या घरातले ते नाव आहे त्या घरात ती कठोर वाटत नाही.

असे असूनही माणसे त्या दिवसांकडे ओढली जातात, ती का? मानसशास्त्रज्ञ सांगतात की, उतारवयात जीवनाकडे मागे पाहिले असता सुमारे दहा ते तीस या वयांतल्या आठवणी सर्वांत दाट आढळतात. अनेक गोष्टी त्या काळात प्रथम घडतात. आणि प्रथम घडलेले खोल रुतते. वासाचा स्मृतीशी निकटचा संबंध असल्याने जळक्या तेलाची एक झुळूकही चाळीस वर्षांपूर्वीची दुपार परत आणू शकते.

पण यापलीकडे छावणीचे स्वतःचे एक कारण आहे. मराठीत आपण या भावनेला ‘स्मरणरंजन’ म्हणतो, आणि त्या शब्दात सुखच सुख आहे. युरोपातील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मात्र मूळचा रोगाचे नाव. 1688 मध्ये योहानेस होफर या तरुणाने बाझेल येथे वैद्यकीय प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेल्या स्विस तरुणांना, त्यांत परदेशी चाकरी करणाऱ्या सैनिकांनाही, जी झुरणी लागे, तिला त्याने ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव घडविले. पुढे तो रोग सैनिकांचा म्हणूनच प्रसिद्ध झाला. सैनिकाला निदान परतण्यासाठी एक गाव असते. त्याच्या मुलाला तेही नसते. झाशीतला बंगला सरकारी. आज त्यात दुसरेच कुटुंब राहते. शाळेतले मित्र देशभर पांगले. परत जावयाचे तर जावे कोठे? म्हणून त्याची झुरणी एखाद्या घराभोवती न फिरता चालत्या वस्तूभोवती फिरते. बदली झाली तेव्हा ट्रंकांबरोबर रेल्वेच्या डब्यात चढलेली ती फटफटीच काय ती सगळ्या गावांतून त्याच्याबरोबर हिंडली होती. तिच्यामुळे त्या परक्या गावाच्या वाटा, नद्या आणि टेकड्या त्याला पाठ झाल्या. दोन वर्षांच्या मुक्कामात एखादे गाव आपले होऊ शकले असेल तर ते तिच्यामुळे.

आज या गाड्यांना पुन्हा किंमत आली आहे. गंजलेली आरएक्स शोधून काढणारे, तिची टाकी मूळच्या रंगात रंगवून घेणारे हौशी लोक गावोगाव आहेत. नियमांनीही थोडी वाट ठेवली आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीस ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शनासाठी आहे. जुन्या राजदूत आणि जावा या वयाच्या झाल्या आहेत. नावेही परत आली, पण देह बदलून. जावा 2018 मध्ये आणि येझदी 2022 मध्ये चार धावांच्या इंजिनासह आली. चेतक 2020 पासून आणि लूना 2024 पासून विजेवर धावते. पायट्यांची, धुराची, तेल मोजण्याची आता गरज उरली नाही.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो आठवणींपेक्षा आजच्या मुलांविषयी अधिक आहे. पन्नास सीसीच्या पेट्रोल गाड्या बाजारातून गेल्या. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने दिलेली सवलत कागदावर राहिली. अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणाऱ्या विजेच्या गाडीला परवाना लागत नाही. तेवढीच काय ती वाट मोकळी आहे. त्या वयाची गरज मात्र बदललेली नाही. घराच्या हाकेपलीकडे, पण सायंकाळपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावर, आपल्या हिकमतीने जाऊन येणे. वाटेत काही बिघडले तर ते आपण दुरुस्त करणे. आणि जेथे राहतो ते गाव पायाखाली घालणे. या गोष्टी त्या मुलांना एका धूर ओकणाऱ्या, कित्येकदा चोरून काढलेल्या यंत्राने दिल्या. त्यांतला धूर आणि धोका टाकून उरलेले पुढच्या मुलांना कसे द्यावे, हे आता त्याच मुलांना ठरवावयाचे आहे. कारण तीच आज पालक आहेत, शिक्षक आहेत, अधिकारी आहेत आणि गाडीची किल्ली त्यांच्याच खुंटीला टांगलेली आहे.